सँट्रो झिंग २००९, उद्यमनगरातले मामा आणि ४८ हजारांचं एस्टिमेट

आधीच सांगून टाकतो, आमची जुनी गाडी जिथं नीट करून घेतली त्या गॅरेजचं नाव इथं टाकणार नाही. तिथल्या मेकॅनिकनं, म्हणजे मामांनीच बजावलंय, "नाव बिव टाकू नका सायेब, आत्ताच गाड्या रस्त्यावर लावायला लागत्यात, शेजारचा लेथवाला रोज भांडतोय." तेव्हा ज्याला जायचंय त्यानं कोल्हापुरात उद्यमनगरात शिरायचं आणि जुन्या सँट्रो तीन-चार एका रांगेत बॉनेट उघडून कुठं उभ्या दिसतात ते बघायचं, तेच ते. बोर्ड आहे पण त्यावर ग्रीस एवढं बसलंय की वाचता येत नाही.

गाडी आमची ह्युंदाईची सँट्रो झिंग, २००९ ची, १०८६ सीसी पेट्रोल, एमएच ०९, बाबांनी नवीन घेतलेली. एक लाख चार हजार किलोमीटर झालेत. विकायला गेलो तर सत्तर-ऐंशी हजार सांगतात, ते पण तोंड वाकडं करून. बायकोचं म्हणणं की तेवढे घे आणि मोकळा हो. पण मला रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एवढंच जायचंय, त्यासाठी सहा-सात लाखाची गाडी घेऊन पाच वर्षं हप्ते भरायचे हे गणित मला तरी पटत नाही, आणि खरं सांगायचं तर या गाडीत मी ताठ बसतो, हल्लीच्या गाड्यांत डोकं छताला लागतं. उंच माणसांना कळेल.

तर दुखणं काय होतं ते सांगतो. एप्रिल २०२४, ऊन मरणाचं. एसी लावून ताराराणी चौकात सिग्नलला उभं राहिलं की टेंपरेचरचा काटा वर चढायला लागायचा, गाडी हलली की परत खाली. हायवेला एकदम गुणी बाळ. पण घाट लागला की परत वर. दुसरं म्हणजे सिग्नलला उभी असताना आरपीएम आपोआप वरखाली, कधी बंदच पडायची, मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे. आणि तिसरं, खड्ड्यातनं गेली की स्टीअरिंगखालून टकटक. आता रस्ते कसे आहेत तुम्हाला माहितीय, म्हणजे टकटक चोवीस तास. त्यात नोव्हेंबरमधे गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होणार, म्हणजे आरटीओला परत पासिंग करायचं, त्याच्या आत सगळं ठीकठाक करणं भाग होतं.

पहिल्यांदा गेलो हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपला. नाव नको. एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, टॅबवर गाडीचे फोटो काढणारा टाय घातलेला मुलगा. मुलगा बोलायला चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. संध्याकाळी व्हॉट्सअॅपला एस्टिमेट आलं, ४८ हजार आणि वर काहीतरी. हेड गॅस्केट (इंजिन आणि त्याचं डोकं यांच्या मधलं पॅकिंग), हेड फेसिंग (त्या डोक्याचा तळ घासून सपाट करणं), रेडिएटर, स्टीअरिंग रॅक असेंब्ली, थ्रॉटल बॉडी असेंब्ली. सगळं असेंब्ली, म्हणजे अख्खा सेटच नवीन. मी विचारलं हेड गॅस्केट गेलंय हे कशावरनं कळलं, तर म्हणाला सर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरचं पाणी) कमी होतंय आणि हीट होतीये म्हणजे तेच असणार. "असणार" हा शब्द ऐकला आणि मी गाडी घेऊन बाहेर पडलो, तपासणीचे ८५० रुपये देऊन.

मग ऑफिसातल्या एकानं मामांकडं पाठवलं. मामा म्हणजे साठीच्या पुढचे, जाड भिंगाचा चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला, आणि बोलणं एवढं कमी की पहिली दहा मिनिटं मला वाटलं यांना आपली गाडी घ्यायचीच नाहीये. त्यांनी काही उघडायच्या आधी चारपाच प्रश्न विचारले. कुठं तापती, उभी असताना का पळताना? एसी लावला की का बिन एसीची पण? पाणी किती दिवसांनी घालायला लागतंय? घराखाली लादीवर डाग पडतोय का? सकाळी पहिल्या स्टार्टला मागनं पांढरा धूर येतोय का? मी उत्तरं देत गेलो आणि ते नुसतं हं हं करत होते. पुढं एकदा चहा पिताना मला समजावून सांगितलं ते असं, की उभी असताना तापली आणि पळताना थंड झाली तर पंख्याकडं बघायचं, कारण पळताना वारा आपोआप रेडिएटरला लागतो, उभी असताना पंखा हाच वारा. आणि घाटात तापली तर पंख्याचा दोष कमी, तिथं पाणीच नीट फिरत नाही, म्हणजे रेडिएटर चोंदलाय नाहीतर पंप दमलाय. आमच्या गाडीला दोन्ही होतं.

मग बॉनेट उघडलं. डिपस्टिक काढून बोटावर ऑईल घेतलं, अंगठ्यानं चोळून मला दाखवलं. काळं होतं पण दुधाळ नव्हतं. ऑईलचं झाकण उलटं करून बघितलं, तिथं पण पांढरी साय नाही. गाडी गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं आणि आम्ही दोघं त्या भोकात बघत उभे राहिलो, विहिरीत वाकून बघतात तसं. हेड गॅस्केट गेलं असेल तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि बुडबुडे येत राहतात. सुरुवातीला दोन-चार आले, हवेचे, नंतर पाच मिनिटं एक पण नाही. मामा म्हणाले, "हेड बिड काय गेलेलं न्हाई. कशाला खोलायचं चांगलं इंजिन." तिथंच माझे निम्मे पैसे वाचले.

पंख्याचं तर अजून भारी. या गाडीला दोन पंखे, एक रेडिएटरचा, एक एसीच्या कंडेन्सरचा. एसी लावला की एक फिरायला लागला, दुसरा गाडी तापली तरी ढिम्म. मामांनी प्लग काढून बॅटरीवरनं दोन वायरी थेट मोटरला लावल्या, तरी नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मोटरच्या पाठीवर टक टक दोनदा मारलं आणि पंखा फिरला! मी खूश, म्हटलं झालं काम. ते म्हणाले काय झालं, उलट कळलं की मोटरला आतनं करंट पोचवणारे कार्बन झिजून संपलेत, ठोकलं की तेवढ्यापुरतं टेकतंय. "कार्बन घालून देतो दीडशात, पण उन्हाळा काढंल, पुढचं सांगत न्हाई. मोटरच घाला." दोन्ही भाव सांगून निर्णय माझ्यावर सोडला. मी मोटर घातली.

आता खरी गंमत. वरचा पाईप काढून थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. दोन वर्षांपूर्वी गावाकडं जाताना गाडी तापलेली आणि रस्त्यातल्या एका गॅरेजवाल्यानं "आता नाही तापणार" म्हणून काहीतरी करून दिलेलं, पाचशे घेतलेले. म्हणजे त्यानं थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरलं. हे आपल्याकडं सर्रास करतात आणि गाडी तेवढ्यापुरती थंड पण राहते, त्यामुळं माणूस खूश होऊन जातो. होतं काय की इंजिन सकाळी लवकर गरमच होत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत बसतो, मायलेज पडतं. मला दोन वर्षं अकराच्या वर मिळत नव्हतं आणि मी गाडीच्या वयाला दोष देत होतो. बोअरच्या पाण्यातला क्षार आणि गंज रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला. खालचा पाईप काढला तेव्हा जे बाहेर आलं ते पाणी नव्हतं, रंकाळ्याच्या कडेचा चिखल म्हणा. त्यात वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाजवळ हिरवट पांढरा सुकलेला ओघळ, पाणी कमी व्हायचं ते तिथनं. थेंब थेंब जायचं आणि गरम इंजिनवर सुकून जायचं, म्हणून लादीवर डाग नाही.

नवीन थर्मोस्टॅट आणला तो मामांनी लगेच बसवला नाही. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, गॅरेजच्या मागं छोटी शेगडी आहे चहाची, तिच्यावर, आणि थर्मोस्टॅट तारेला बांधून त्यात सोडला. त्यावर ८२ आकडा होता, म्हणजे ८२ अंशाला उघडायला लागणार. पाणी नुसतं कोमट होतं तोवर काही नाही, मग बुडाशी बारीक बुडबुडे धरायला लागले आणि मधली चकती हळूच वर उचलली गेली, श्वास घेतल्यासारखी. बाहेर काढला तर परत बंद. "नवीन म्हंजे चांगलाच असतोय असं न्हाई," एवढंच म्हणाले आणि चष्मा नाकावर चढवून कामाला लागले. साडेचारशे रुपयांच्या पार्टासाठी एवढं. मला तिथंच कळलं आपण बरोबर जागी आलोय.

पार्ट्सचं सांगतो कारण बरेच जण विचारतात की झिंग २०१४ ला बंद झाली, आता मिळतात का. मिळतात हो, इंजिनचे तर आरामात, कारण तेच १.१ लिटरचं इंजिन ह्युंदाईच्याच पहिल्या आय टेनला पण होतं. मामा स्वतः पार्ट विकत नाहीत. चिठ्ठी लिहून देतात आणि स्पेअरच्या दुकानात पाठवतात, बरोबर सांगतात कुठलं कंपनीचंच घ्यायचं आणि कुठलं बाहेरचं चालतं. टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व वेळेवर उघडझाप करायला लावणारा पट्टा) आणि तो ताणून धरणारा टेन्शनर मोबिसचाच, म्हणजे ह्युंदाईच्या ओरिजिनल पार्ट्सचाच आण, पॅकिंग बघून घे. रेडिएटर बाहेरचा चालेल. झाकण मात्र कंपनीचं, कारण झाकणाची स्प्रिंग ढिली असली की प्रेशर धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं, दीड-दोनशे रुपयांच्या झाकणापायी लोक इंजिन जाळून बसतात. दुकानदारानं मला बाहेरचा बेल्ट निम्म्या किमतीत दाखवला, मी फोटो पाठवला, मामांचा रिप्लाय आला एक अंगठा, खाली केलेला. साठीच्या माणसाला इमोजी बरोबर जमतात.

बेल्ट बदलायचं मुळात ठरलेलं नव्हतं. पण या इंजिनला साखळी नाही, रबरी टायमिंग बेल्ट आहे, आणि शेवटचा कधी बदलला ते बाबांना आठवत नव्हतं, वहीत पण सापडलं नाही. मामांचा नियम साधा, साठ हजार किलोमीटर नाहीतर पाच वर्षं, आणि आठवत नसेल तर आजच. कव्हर काढल्यावर बेल्टच्या पाठीवर आडव्या बारीक चिरा दिसल्या, सुकलेल्या तळ्यातल्या मातीला पडतात तशा. हा चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व वाकतात आणि मग ते न झालेलं हेडचं काम खरंच करायला लागतं. जुनी सँट्रो घेणाऱ्यांनी गाडीचा रंग, म्युझिक सिस्टीम नंतर बघावी, आधी विचारावं बेल्ट कधी बदललाय, आणि मालक गप्प बसला तर अडीच-तीन हजार किमतीतनं कमी करावे.

बाकीचं थोडक्यात. स्टीअरिंग रॅक अजिबात गेला नव्हता. हेल्परला आत बसवून स्टीअरिंग डावं उजवं हलवायला लावलं आणि मामा खाली झोपून एकेका जॉइंटवर तळहात ठेवत गेले, टकटक हाताला लागते म्हणे. गेलेले ते सस्पेन्शनचे दोन्ही लिंक रॉड आणि डाव्या चाकाला स्टीअरिंगशी जोडणारा टाय रॉड एंड. ते बदलल्यावर अलाइनमेंट दुसरीकडं करून घ्यायला पाठवलं, चारशे रुपये. आरपीएम वरखाली व्हायचं कारण ऐकाल तर हसाल, व्हॅक्यूमचा एक रबरी पाईप मागच्या बाजूनं चिरलेला, ऐंशी रुपये. वर थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा व्हॉल्व काढून काजळी साफ केली. वर्कशॉपनं अख्खी थ्रॉटल बॉडी लिहिलेली, लक्षात आहे ना.

बिल म्हणजे वहीचं पान. पार्ट्सचे १३ हजार ४३०, त्यात ऑईल, फिल्टर, प्लग, दोन कॅन कूलंट सगळं आलं. मजुरी साडेचार हजार. वरचे तीस मामांनी सोडले, १७ हजार ९०० दिले. काढलेले सगळे पार्ट एका कापलेल्या ऑईलच्या कॅनमधे घालून डिकीत ठेवलेले, मी न मागता.

आता नावं ठेवतो, कारण नुसती आरती ओवाळायला बसलेलो नाही.

एक म्हणजे वेळ. "परवा देतो" म्हणाले आणि गाडी आठव्या दिवशी मिळाली. आठ दिवस मी केएमटीच्या बसनं आणि मित्राच्या मागं बसून गेलो. फोन उचलत नाहीत, उचलला तर "कालच हुणार हुती" असं भूतकाळात उत्तर मिळतं. आपण जाऊन समोर उभं राहिलं की काम पुढं सरकतं, ही काय पद्धत झाली? बसायला जागा नाही, एक जुन्या मारुती व्हॅनची सीट आहे दाराशी, तिच्यावर आधीच दोघं बसलेले असतात आणि ते गिऱ्हाईक पण नसतात. स्टीअरिंगवर, दाराच्या हँडलवर ग्रीसचे हात, मी घरी येऊन शाम्पूनं धुतलं. वॉशरचा पाईप लावायचा विसरले, पहिल्या दिवशी काच धुवायला बटण दाबलं तर इंजिनवर पाणी. जीएसटीचं बिल नाही, ज्यांना ऑफिसात क्लेम करायचंय त्यांनी जाऊ नका. एसीचं आणि डेंटिंग पेंटिंगचं काम घेत नाहीत, विचारलं तर हात झटकतात. आणि स्वभाव. माझ्या समोर एका पोरानं येऊन सांगितलं की व्हिडिओत बघितलंय सेन्सर गेलाय, सेन्सर बदला, तर मामांनी त्याला पाना दिला आणि म्हणाले बदल की. बिचारा गेला निघून. मला हसू आलं पण गिऱ्हाईक होतं ते.

काम मात्र टिकलं. गाडी मिळाली त्या रविवारी मुद्दाम दुपारी एक वाजता, चार माणसं बसवून, एसी चालू ठेवून केर्लीतनं वर जोतिबाला घातली. बायको मागनं म्हणत होती आता बंद पडली तर मी इथनंच रिक्षा करणार. काटा निम्म्याच्या खाली जो बसला तो वर देवळाच्या पार्किंगपर्यंत हलला नाही. तिथं गाडी चालूच ठेवून उतरलो, बॉनेटजवळ कान लावला, पंखा आपोआप चालू झाला, मिनिटभर फिरला आणि बंद झाला. लोक बघत होते हा माणूस गुलाल सोडून पंख्याच्या पाया काय पडतोय. मायलेज आता गावात साडेचौदा, हायवेला सतराच्या आसपास.

पासिंगचं पण सांगून टाकतो, कामाला येईल. नोव्हेंबर २०२४ ला झालं, पाच वर्षांसाठी. रिन्यूअलची फी तेव्हा पाच हजार होती, जी २०२२ च्या एप्रिलच्या आधी सहाशे होती, आणि पेट्रोल गाडी म्हणून पर्यावरण कर तेव्हा तीन हजार. तारीख चुकवली तर महिन्याला पाचशे दंड चढतो म्हणून आधीच अर्ज टाका. मामांनी जायच्या आधी अर्धा तास घेऊन सगळे दिवे, हॉर्न, हँडब्रेक बघून दिलं, मागचे ब्रेक शू घासलेले होते ते बदलले, आणि चेसिस नंबरवर गंज चढलेला तो पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून वाचता येईल असा केला. हे मला सुचलंच नसतं, आणि रांगेत माझ्या पुढच्या ओम्नीवाल्याला नेमका तेवढ्यासाठी परत पाठवला. पुढच्या वर्षी नवीन नंबर प्लेटचे जीएसटी धरून ८७९ गेले ते वेगळे.

त्यानंतर दोन सर्व्हिसिंग झाल्या, दोन्ही मामांकडंच, प्रत्येकी साडेतीन हजाराच्या आत. दुसऱ्या वेळी पेट्रोलचे रबरी पाईप आपणहून बदलले, पेट्रोलमधलं इथेनॉल वाढलंय, जुनी रबरं कडक पडत्यात म्हणाले. पाचातले चार स्टार देतोय. एक कापला तो त्या आठ दिवसांचा.

सध्या मागनं डावीकडनं काहीतरी खडखडतंय. मला वाटतंय सायलेन्सरचं रबर, पण मामांसमोर हे बोलायचं नाही, पाना हातात देतील. सोमवारी बंद असतं, मंगळवारी सकाळी साडेनऊच्या आत नेऊन लावतो.